रवळनाथाने न दिलेला कौल

आमच्या गावात रवळनाथाविषयी एक गोष्ट सांगतात. चीनशी लढाई झाली तेव्हा गावचा एक फौजी बेपत्ता झाला. त्याच्या आईने देवाला विचारलं, देवाने उजवा कौल दिला, म्हणजे मुलगा जिवंत आहे असं सांगितलं. आणि मुलगा तर आधीच गेलेला होता. पुढचा भाग सांगणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे बदलतो. श्रद्धाळू म्हणतात, देशासाठी गेलेला माणूस मरत नाही, हेच देवाला सांगायचं होतं. चेष्टेखोर म्हणतात, त्या दिवशी देवाचा डोळा लागला होता. गेल्या जत्रेत एका माहेरवाशिणीने ही गोष्ट आपल्या मुलीला सांगितली, आणि मुलीने विचारलं, "म्हणजे देव पण चुकतो?" मी तिथेच खांबाला टेकून बसलो होतो. तो कौल लावणारा गुरव मीच. मुलीला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. इतकी वर्षं हेच करत आलो आहे. देव चुकला नव्हता. काय झालं होतं ते मला माहीत आहे, आणि आता ते सांगून टाकतो.

आमचं गाव मसुऱ्याच्या बाजूला, खाडीच्या पलीकडे. तेव्हा पूल नव्हता. बाजाराला जायचं तर होडीत बसायचं आणि भरती-ओहोटी पाहून घरी परतायचं. देऊळ कौलारू, पुढे लाकडी खांबांचा मंडप, दुपारीसुद्धा गाभाऱ्यात समईशिवाय दिसायचं नाही. माझे वडील देवाचे गुरव. सकाळी देवळाच्या पायरीवर मी फुलं निवडत बसायचो आणि माझ्या शेजारी सख्या बसायचा. सखाराम हे त्याचं खरं नाव. त्याचा बाप होडीवर होता, तो लवकर वारला. आई, काशीकाकी, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन मसुऱ्याला जायची आणि जाताना मुलाला आमच्या हवाली करायची. माझ्या आईने एका पानात आम्हा दोघांना किती वेळा जेवायला वाढलं असेल त्याला मोजदाद नाही.

सख्याचा आवाज मोठा होता. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. सगळ्यांच्या वतीने एकाने देवाशी मोठ्याने बोलायचं आणि प्रत्येक बोलाला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते "व्हय" आलं नाही तर गाऱ्हाणं अर्धवट राहतं असं मानतात. सख्याचं "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर जायचं. एकदा तर बोल पुरा व्हायच्या आतच त्याने होकार दिला. वडील गाऱ्हाणं थांबवून म्हणाले, "अरे मेल्या, मी काय मागतंय ता तरी आयक!" सगळा मंडप हसला. देवसुद्धा हसला असेल असं मला अजून वाटतं.

मोठा झाल्यावर सख्या फौजेच्या भरतीला गेला आणि घेतला गेला. रजेवर आला की काळी पेटी, जाड बूट आणि अंगाला कसलातरी वेगळाच वास घेऊन यायचा. रजा तो जत्रेच्या सुमारासच मागून घ्यायचा. रात्रभर दशावतार पाहायचा आणि सकाळी पायरीवर बसून मला बर्फाच्या गोष्टी सांगायचा. आम्ही कधी गारासुद्धा धड पाहिल्या नव्हत्या. "मिठागरासारखा दिसता रे सगळा," तो म्हणायचा, "फक्त चाखलास तर चव नाय." एका रजेत त्याचं लग्न झालं. कुणकेश्वरकडची मुलगी, शेवंती. सातवी शिकलेली, मितभाषी. त्यांचा संसार दोन रजांचा झाला.

इथे कौलाविषयी सांगायला हवं. देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कौल लागला की तो मिळेपर्यंत विचारणाऱ्याने देऊळ सोडायचं नाही, पाकळीला हात लावायचा नाही. माझ्या वडिलांनी पेरणीचे, सोयरिकीचे, हरवलेल्या गुरांचे कौल लावले. एक प्रश्न मात्र ते कधीच घेत नसत. "माणूस जितो की मेलो, ह्या देवाक इचारूचा नाय. ता त्याचा काम. तो आपल्याक सांगूक बांधील नाय," असं त्यांनी मला बजावलं होतं.

चीनच्या लढाईच्या साली दिवाळी बेचव गेली. लढाईच्या बातम्या पोस्टातल्या रेडिओवर ऐकायला लोक खाडी ओलांडून जायचे. मग तार आली. सखाराम बेपत्ता. मेला असं नाही, जखमी असंही नाही. बेपत्ता ह्या शब्दाचं काय करायचं ते काशीकाकीला कळेना. ज्या समुद्राने तिचा नवरा नेला त्याने निदान त्याचा देह तरी परत आणून टाकला होता.

एका दुपारी ती मासळीची रिकामी पाटी पायरीवर ठेवून आत आली. वडील तापाने अंथरुणावर होते, म्हणून देवळात मीच होतो.

"कौल लाव रे. माजो झील जितो आसा काय इचार."

"काकी, बाबांका उठांदे. ह्यो कौल लावूचो नाय, तुका ठावक आसा."

"तुझो बापूस उठासर माजो जीव जाईत. तू नि सख्यो एका पानात जेवलास रे. तुका कायच वाटणा नाय?"

मी पाकळ्या लावल्या. काकी उंबऱ्याबाहेर हात जोडून उभी होती, डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते. मी हात मागे घेतो न घेतो तोच डावी पाकळी पडली. इतक्या लवकर पडलेली पाकळी मी तोवर पाहिली नव्हती. मी मागे वळून पाहिलं. तिचे डोळे मिटलेलेच होते. डावी पाकळी मी मुठीत घेतली, उजवी नखाने खाली पाडली आणि म्हणालो, "उजवो दिल्यान, काकी."

मी हे दयेने केलं असं स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. दया होती, नाही असं नाही. पण तिला रडताना पाहायची माझी तयारी नव्हती, हेही तितकंच खरं. काकी खाली बसली, उंबऱ्यावर कपाळ टेकलं आणि हसली. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या दारात केळीच्या पानात गुंडाळलेला ताजा सरंगा मासा होता. आईने त्याची आमटी केली. मी पान बाजूला सारलं. आईला वाटलं, वडिलांच्या आजाराची मला काळजी लागली आहे.

वाटलं होतं, काही महिन्यांत खरी बातमी येईल आणि सगळं आपोआप मिटेल. बातमी आली, पण मिटलं काहीच नाही. बेपत्ता जवानांना मृत धरल्याचं सरकारने कळवलं आणि काकीने ते मानायला नकार दिला. रवळनाथाने उजवा दिला होता, तिथे सरकारची काय कथा! पितृपक्षात तिने सख्याचं पान ठेवू दिलं नाही. शेवंतीचा भाऊ कुणकेश्वराहून बहिणीला न्यायला आला, त्याला तिने अंगणातूनच वाटेला लावलं. "घोव येतलो तिचो. आणि घरात बायल नाय बघून काय म्हणात?" शेवंती कुंकू लावायची, पाणी भरायची, मासळी खारवायची आणि जत्रेच्या दिवशी मंडपात सासूशेजारी उभी राहायची. त्या गाऱ्हाण्यात आता एक बोल वाढला होता. बेपत्ता झालेल्या आमच्या लेकराला घरी आण रे म्हाराजा. वडील वारल्यावर तो बोल माझ्या तोंडी आला. "व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणायचा. जो गेला आहे हे मला कळलं होतं, त्याला मी गावाकरवी परत मागत होतो. पूजा चालू होती, हात चालत होते, पण देवाकडे वर पाहून मी पूजा करत नव्हतो. त्या काळात मला अनेकदा वाटलं की देव नाहीच. असता तर माझी जीभ झडली असती.

असे दोन पावसाळे गेले. मग सुभेदारतात्यांनी शाळेपुढे एक शिळा उभी करायचं मनावर घेतलं. ते दुसऱ्या महायुद्धात परमुलखात लढून आलेले गृहस्थ. गावचे जे जे लढाईत पडले, त्यांची नावं दगडावर कोरायची. मिसरच्या वाळवंटात राहिलेले, इटलीत राहिलेले, ज्यांची घरंसुद्धा आता ओस पडली होती, अशांची नावं त्यांना पाठ होती. सगळ्यांत शेवटी सखारामचं. हे कळलं तशी काशीकाकी पाटी घेऊनच मंडपात आली. तिथे गावकरी बसले होते.

"नाव घातलास तर माज्या झिलाक जितो मारलास तुमी!"

"अगो काशी, सरकारान कळवल्यान हा," सुभेदारतात्या म्हणाले.

"सरकार खंयच्या गावचा? आमचो देव हय बसलो हा. त्याका इचारा आणि मगे काय तो दगड फोडा."

कोणीतरी हसलं, पण देवाने दिलेला कौल मोडून नाव कोरायला कोण धजणार? तात्यांचा चेहरा पडला. ते हळूच म्हणाले, "ज्याचा नाव कोण घेणा नाय, तो दोनदा मरता गो." शेवटी ठरलं की सगळ्या गावासमोर पुन्हा कौल लावायचा. शिळेवर सखारामचं नाव घालायचं की नाही, देवच सांगेल.

मधल्या दोन दिवसांत मी खरं सांगू शकलो असतो. काकीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. माझ्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ह्या देवाचे कौल लावले. ते सगळेच माझ्या एका वाक्याने संशयात पडले असते, अशी पळवाट मला सापडली होती. खरी गोष्ट एवढीच की मला माझ्या अब्रूची भीती वाटत होती.

कौलाच्या दिवशी सकाळी मंडप भरला. काकी पुढे, शेवंती तिच्या मागे. मी गाभाऱ्यात गेलो. पाकळ्या ओल्या करताना मनात हिशेब चालला होता. डावी पडली तर सख्याचं नाव राहून जाणार, त्याची आई मरेपर्यंत वाट पाहणार. उजवी पडली तर ह्या बाईला सगळ्यांसमोर मुलगा मेल्याचं माझ्या तोंडून ऐकावं लागणार, आणि पहिला कौल कसा आला हा प्रश्न उठणार. पाकळी कशी पाडायची ते मला येत होतं. एकदा पाडली होतीच. हात पाषाणाजवळ नेला आणि मला एकदम कळलं की मी काय मागावं तेच मला समजत नाही. काहीही मागितलं तरी त्यात माझाच स्वार्थ निघतो. तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा मी देवाकडे वर पाहिलं. म्हणालो, "मी खोटो आसंय. मी आता कायच मागणा नाय. तुका व्हया तसा कर." पाकळ्या लावल्या आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो.

पाकळ्या पडेनात.

सकाळ सरली, ऊन मंडपात शिरलं. एकही पाकळी हलेना. मी जास्त दाबल्या असतील, पाणी जास्त लागलं असेल. तसंही असेल, मी वाद घालणार नाही. बाहेर कुजबुज सुरू झाली. कोणीतरी ओरडला, "रे गुरवा, शेणान लिपलंस काय रे पाकळ्यो?" बायकांना चुलीची काळजी लागली, होडीवाला येऊन सांगून गेला की ओहोटी लागली, पलीकडे जाणाऱ्यांनी आता निघावं. निघालं मात्र कोणीच नाही. काकी खांबाला टेकून बसली होती, डोळे उघडे, गाभाऱ्याकडे लावलेले. ह्या खेपेला तिने ते क्षणभरही मिटले नाहीत.

दुपार कलताना एक अनोळखी माणूस देवळाची पायरी चढला. खांद्यावर घोंगडी, हातात पिशवी, एका पायाने लंगडत होता. मंडपातली गर्दी पाहून तो बावरला.

"राम राम. हे रवळनाथाचं देऊळ न्हवं का?"

"हय सगळी रवळनाथाचीच देवळां," एक म्हातारा म्हणाला. "तुमका खंयचो व्हयो?"

"त्येच तर मला ठावं न्हाई. चार देवळं फिरून आलो." त्याने घाम पुसला. "सखाराम म्हणून एक फौजी होता. मालवणकडचा. खाडीच्या पल्याड रवळनाथाचं देऊळ, एवढाच पत्ता दिलाय त्यानं. त्याच्या आईला भेटायचंय."

 सुभेदारतात्यांनी उठून त्याला काकीसमोर बसवलं.

तो घाटावरचा होता. त्याची पलटण वेगळी, सख्याची वेगळी. माघार घेताना दोघे आपापल्या माणसांपासून तुटले आणि बर्फात एकमेकांना सापडले. सख्याच्या पोटात गोळी होती. तरी तो चालत होता, आणि चालवेना तेव्हा दोघे एका खडकाआड बसले. तिथे सख्या गावाविषयी बोलत राहिला. पुढे हा माणूस शत्रूच्या हाती लागला, सुटून आला तो इस्पितळात पडला, पायाची बोटं कापावी लागली. चालता येऊ लागल्यावर घरून निघाला तो थेट इकडे.

"पहाटेला त्यो म्हणाला, मी आता देवाशी बोलतो. माझ्या दर बोलाला तू 'व्हय म्हाराजा' म्हण. मी म्हणालो, गड्या, मला तुमची भाषा कळत न्हाई. तर हसला. म्हणाला, तुला कशाला कळाय पायजे, त्याला कळतीय. दुसरं कोन हाय हितं व्हय म्हणाय?"

"काय बोलललो तो?" काकीने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारावा तसा.

"मी पाठ केलंय, आई. रोज म्हणत आलोय, इसरू नये म्हणून." त्याने हात जोडले आणि आमची बोली आपल्या घाटी उच्चारात, अडखळत म्हणायला लागला. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, मी तुझा लेकरू लांब येवन पडलंय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मंडपात कोणीतरी म्हणालं. ते मुद्दाम म्हटलेलं नव्हतं. आमच्या गावात तसा बोल कानावर पडला की तोंडातून ते येतंच.

"हो माजो सोबती, तेका तेच्या आवशीकडे सुखरूप पोचय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" आता सगळे म्हणाले. तो माणूस रडायला लागला. डोळे पुसून त्याने शेवटचा बोल म्हटला.

"माका हय ठेवतंस तर ठेव. पण माज्या आवशीक कळांदे रे म्हाराजा."

आईला कळू दे, हा बोल आला तेव्हा सगळे काकीकडे पाहत होते. तिच्या आधी होकार द्यायची कोणाची छाती नव्हती.  मग तिने हात जोडले आणि म्हणाली, "व्हय म्हाराजा." मागून शेवंतीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." आणि मग आम्ही सगळे म्हणालो. सख्याचं गाऱ्हाणं खडकाआड सुरू झालं होतं, ते आमच्या मंडपात पुरं झालं.

"तेका तान लागलली काय रे?" काकीने विचारलं.

"लागली होती. बर्फ तळहातावर वितळवून पाजलं, आई."

"बरा केलंस," ती म्हणाली आणि पदर तोंडावर घेतला. शेवंती उठून देवळामागच्या विहिरीकडे गेली. चार बायका तिच्या मागोमाग गेल्या.

सुभेदारतात्यांनी मला हाक मारली, "गुरवा, कौल काय?" मी वळून पाहिलं. दोन्ही पाकळ्या खाली पडल्या होत्या. आम्ही सगळे त्या माणसाकडे बघत असताना त्या केव्हा पडल्या, कुठली आधी आणि कुठली नंतर, हे कोणीच पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही. माझे वडील म्हणायचे, तो सांगायला बांधील नाही. त्या दिवशी त्याने पाकळीने काहीच सांगितलं नाही. सकाळपासून त्या आईला धरून ठेवलं आणि तिच्या मुलाचेच बोल तिच्यापुढे आणून ठेवले. मी तसंच सांगितलं, "दोनय पडल्यात. आधी खंयची, ता कोणी बघूक नाय."

"आता कौल कित्याक?" काकी पदराआडून म्हणाली. "घाला त्याचा नाव."

त्याच वेळी कोणीतरी पुटपुटलं, "मगे पयलो कौल उजवो कसो इलो?" एका मानकऱ्याने लगेच अर्थ लावून दिला, मेला नाही, अमर झाला असं देवाने सांगितलं होतं. माना डोलल्या. मी गाभाऱ्याच्या दारात उभा होतो. एक शब्द पुरेसा होता. मी बोललो नाही. नुकतीच एवढी कृपा पाहिली होती आणि तरी बोललो नाही.

शिळेवर नाव कोरलं गेलं. तो घाटावरचा माणूस पुढे तीन-चार जत्रांना नारळ घेऊन आला, काकीच्या घरी उतरला, मग यायचा थांबला. सख्याची सगळी क्रिया झाल्यावर मी धीर करून काकीकडे गेलो. ती अंगणात बांगडे खारवत होती. मी सांगितलं, पहिला कौल डावा पडला होता. तिचे हात थांबले.

"माजी माफी मागूक इलंस?"

"व्हय."

"तू माका दोन वर्सां दिलंस की माजी दोन वर्सां खाल्लंस, ता माका अजून कळणा नाय. शेवंतेक इचार. तिची तर उमेदीची वर्सां गेली." तिने मिठाचा हात पाटीवर झटकला. "आणि नाव देवाचा घेतललंस, माफी त्याची माग. आता उचल ती पाटी. माजी कंबर दुखता."

तो सोमवार होता. सोमवारी आम्ही मासळीला शिवत नाही. मी पाटी डोक्यावर घेतली आणि होडीपर्यंत नेली. वाटेत लोक विचारत होते, "काय रे, देव सोडून बांगडे इकूक लागलंस?" काकी पुढे चालत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि कोणाला कारणही सांगितलं नाही.

शेवंतीला मात्र मी विचारलं नाही. ती शिकली, मालवणला शाळेत शिक्षिका झाली, सासूला शेवटपर्यंत सांभाळलं. मी तिच्यासमोर यायचं टाळत राहिलो, ते म्हातारा होईपर्यंत. गेल्या जत्रेत त्या मुलीचा प्रश्न ऐकला आणि चार दिवसांनी काठी टेकत मालवणला गेलो. ती आता भाच्याकडे राहते, दृष्टी अधू झाली आहे. मी सगळं सांगितलं. 

"सासूबायन मराच्या आदी माका सांगल्यान होता," ती म्हणाली.

"मगे वयनी, तुमी कधी बोललास नाय ता?"

"भावजीनू, तुमी येशात म्हणान वाट बघी होतंय. वाट बघूची सवय तुमीच लावलास माका."

मला मान वर करता येईना. मग तीच म्हणाली, "माजी गेलली वर्सां परत देणा तुमच्या हातात नाय. पण देवाक लोक बोल लावतत, ता माका आवडणा नाय. तेणी माज्या माणसाचा गाऱ्हाणा आयकल्यान होता. गावाक सांगा." मग आत भाचसुनेला चहा टाकायला सांगितलं. माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मला होता असं वाटत नाही.

तरुणपणी मला वाटायचं की गुरवाचं काम देवाकडून उत्तर आणायचं. उत्तर आलं नाही किंवा नको ते आलं की आपण बनवायचं. त्या दिवशी हात मागे बांधून उभा राहिलो, तेवढा एकच वेळ मी त्याचा खरा गुरव होतो. त्याने मला शिक्षा केली नाही, जीभ झडवली नाही. माझ्या खोट्यामुळे जे अडकलं होतं ते त्याने माझ्या हाताशिवाय सोडवलं आणि मला ते पाहू दिलं. ह्याबद्दल रोज हात जोडतो. पण हात जोडणं आणि खरं बोलणं ह्यांत मी फार मोठं अंतर पडू दिलं, ते आज मिटवतो आहे.

मी लिहिलेलं हे येत्या जत्रेत, गाऱ्हाण्याच्या आधी, मंडपात मोठ्याने वाचावं असं मी आताच्या गुरवाला सांगून ठेवलं आहे. मी समोरच बसेन. शेवटी त्याने म्हणायचं आहे, ह्या तुझ्या लेकराचं चुकलं, ते पदरात घे रे म्हाराजा. त्यावर "व्हय" म्हणायचं की नाही, ते गावाने ठरवावं.